गुरुवारचा आवाज

“आवाज गेला म्हणजे कुठं गेला?” उस्तादांनी विचारलं.

एक चप्पल काढलेली, एक अजून पायात, असा सुहृद ओसरीच्या कडेला उभा होता.

“गेला म्हणजे... पुसला गेला, उस्ताद. माझ्या हातून.”

“पुसला?”

“हो.”

“मग बस की. उभ्या उभ्या काय सांगतोस, मयताला आल्यासारखं.”

सुहृद बसला. दोघांच्या मधे सतरंजीवर पेटी होती, जाड घोंगडीत गुंडाळलेली. पुण्याहून येताना त्याने ती गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली होती आणि तिला सीटबेल्टही लावला होता. एवढी काळजी आधी घेतली असती, तर आज हे सांगायची पाळी आली नसती.

उस्ताद ऊददाणीतली जुनी राख बोटाने मोकळी करत होते. हात थांबला नव्हता.

“सांग,” ते म्हणाले. “पहिल्यापासनं सांग.”

पहिल्यापासून सांगायचं तर असं.

डॉक्टर सुहृद कर्णिक दातांचे डॉक्टर. दवाखाना खाली, घर वर, आणि घराच्या एका खोलीत सिंथेसायझर, विजेवर वाजणाऱ्या पेट्या. भिंतीला लागून मांडण्या, आणि मांडण्यांवर सिंथेसायझर. जपानी, जर्मन, अमेरिकन. काही असे की कारखाना बंद पडून जमाना झाला, पण डॉक्टरांकडची पेटी अजून चालू. पाहुणा आला की चहा नंतर, आधी ती खोली. फोनवरच्या हौशी लोकांच्या ग्रुपमध्ये त्याचा शब्द शेवटचा. कुठल्या पेटीचा कुठला स्क्रू अस्सल आणि कुठला मागाहून लावलेला, हे तो फोटो बघून सांगायचा आणि ते बरोबर निघायचं.

एवढ्या पेट्यांवर त्याने एखादी चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी वाजवली होती का, हे विचारायचं त्याच्या बायकोने सोडून दिलं होतं.

उस्तादांचं, म्हणजे नूरमहंमद मुजावर यांचं, नाव त्याला त्या ग्रुपवरच कळलं. मुंबईत रेकॉर्डिंगला सिंथ वाजवणाऱ्या जुन्या लोकांपैकी एक. वडील गेल्यावर पीराच्या दर्ग्याची सेवा अंगावर आली, म्हणून सगळं सोडून मिरजेच्या पुढं, तांबडेवाडीच्या टेकडीवर परत आलेले. बरोबर काय आणलं, तर एक ट्रंक, बायको हमीदा, आणि ही पेटी.

पेटी फार दुर्मीळ होती. सुहृद ती विकत घ्यायला म्हणूनच आला होता.

“विकायची न्हाई,” उस्ताद म्हणाले होते. “बसायचं तर बस.”

तो दिवस गुरुवार होता, म्हणून तो बसला आणि त्याने ऐकलं.

हमीदा जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. ती गेल्यापासून दर गुरुवारी दर्ग्यात ऊद फिरवून झाला, की उस्ताद घरच्या ओसरीवर पेटी काढत आणि थोडा वेळ वाजवत. त्या वाजवण्याला गाणं म्हणता आलं नसतं. खालच्या पट्टीतला, जरासा नाकातला, मिटल्या ओठांचा आवाज. परातीत पीठ मळता मळता एखादी बाई आपल्याशीच गुणगुणत असावी, तसा. गावात त्याला सगळे हमीदाभाभीचा आवाज म्हणत. दर्शनाला आलेली माणसं पायरीवर टेकत, ऐकत आणि काही न बोलता घरी जात.

सुहृदच्या अंगावर काटा आला होता. खोटं कशाला सांगा, त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा आवाज मेमरीत कुठल्या नंबरला ठेवला असेल?

तो पुन्हा आला. मग पुन्हा. एकदा त्याने तो आवाज फोनवर रेकॉर्ड करून नेला. शेवटी धीर करून म्हणाला, “उस्ताद, मला शिकवा.”

उस्तादांनी पेटीची एक पट्टी दाबून पाहिली होती.

“हिच्या मधल्या काही पट्ट्या अडकत्यात,” ते म्हणाले. “तू दातांचा डाक्टर ना? आधी हिचे दात बघ. परत आणशील तवा बघू.”

अशी ती पेटी पुण्याला गेली.

आणि तिथे सुहृदने ती चूक केली, जी पेट्यांवर जीव टाकणारा माणूसच करू शकतो. साधा दुरुस्तीवाला असता तर त्याने पट्ट्या साफ केल्या असत्या, झाकण लावलं असतं आणि मोकळा झाला असता. सुहृदने पेटी उघडली, आणि त्याला आत तो सेल दिसला.

या जुन्या पेट्यांचं एक आहे. आवाज त्यांच्यात भरून ठेवलेला नसतो, तो दर वेळी घडवावा लागतो. समोर ओळीने दांड्या असतात. ही वर केली की आवाज उघडतो, ती खाली केली की मिटतो, तिसरीने तो थरथरतो. हवा तसा आवाज जमला की एक बटण दाबायचं, मग दांड्यांच्या त्या जागा पेटी लक्षात ठेवते. पण तिची ती आठवण जगते एका सेलवर. नाण्याएवढा सेल, आतल्या सर्किटवर डाग देऊन बसवलेला. तो काढला की आठवण संपली.

म्हणून आधी सगळी मेमरी कॅसेटवर उतरवून घ्यायची आणि मगच सेलला हात लावायचा. ग्रुपवर नव्या लोकांना हे बजावून सांगणारा माणूस कोण? सुहृदच.

पण त्या सेलच्या कडेला पांढरी भुकटी जमली होती. किडका दात दिसला की त्याचे हात शिवशिवतात, तसंच झालं. आता गळेल, सगळी पेटी खाईल, असं त्याला वाटलं. त्याने सेल उपटला, नवा बसवला, डाग दिला, पेटी सुरू केली आणि पहिलं बटण दाबलं.

नुसती खरखर.

दुसरं दाबलं. शिट्टी. तिसऱ्याला काहीच नाही.

तेव्हा त्याला कळलं आपण काय केलंय. तो तिथेच, फरशीवर, पेटीशेजारी खाली बसला.

“...एक बाई गेली होती,” तो आता उस्तादांना सांगत होता, “तिचं तुमच्याकडे तेवढंच राहिलं होतं. आणि मी ते... मला कुणी विचारलंही नव्हतं सेल बदलायला.”

उस्तादांचं बोट राखेत फिरत राहिलं.

“मला झोप नाही, उस्ताद. पेशंट तोंड उघडून बसतो, आणि मी हातात ड्रिल धरून नुसता उभा राहतो.”

“पेशंट पळून गेला न्हाई?”

“उस्ताद, मी...”

“बरं, बरं. बोल.”

“सांगायचं नाही असंच ठरवलं होतं मी. खाली टेकडीपाशी गाडी लावली, तेव्हासुद्धा सांगायचं नव्हतं. तुम्ही विचारलंत, पेटी बरी हाय का... आणि तोंडातून निघून गेलं.”

“न सांगून कसं भागणार होतं?”

सुहृदने मान खाली घातली.

“मी तो आवाज परत केलाय,” तो म्हणाला.

राख मोकळी करणारं बोट पहिल्यांदा थांबलं.

“कसा?”

मग सुहृद भडाभडा बोलायला लागला. फोनवरचं रेकॉर्डिंग होतं. ते त्याने कॉम्प्युटरवर घेतलं, उभं आडवं चिरून बघितलं. कुठला सूर किती जोराचा, थरथर किती वेगाची, आवाज उघडायला किती वेळ घेतो. एकेक दांडी केसभर वर, केसभर खाली. दवाखाना झाला की हेच काम. बायकोला वाटलं, नवीन पेटी आणली. शेवटी दोन्ही आवाज एकाच वेळी लावले तर कुठला कुठला ते त्याला स्वतःलाही सांगता येईना. मग त्याने तो सेव्ह केला. पहिल्या नंबरवर.

“हुबेहूब आहे, उस्ताद. शपथेवर सांगतो.”

“लाव की मग.”

सुहृदने घोंगडी सोडली. पेटी पुसून लखलखीत केली होती. दोन्ही बाजूंच्या लाकडाला त्याने तेलही दिलं होतं. वायर लावली. ओसरीच्या कोपऱ्यातला स्पीकर घरघरला. त्याने पहिलं बटण दाबलं, मधली एक पट्टी दाबून धरली.

आवाज आला. खालच्या पट्टीतला, जरासा नाकातला, मिटल्या ओठांचा.

उस्तादांनी डोळे मिटले.

त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते सुहृद बघत होता, आणि उमटत काहीच नव्हतं.

“चाचा, आली व्हय पेटी?” अंगणातून हाक आली. शेवंताक्का नारळ आणि ऊदाची पुडी घेऊन पायऱ्या चढत होती. तिचं घर टेकडीच्या पायथ्याशी. हमीदा आणि ती एका जात्यावर दळलेल्या, एका विहिरीवर भांडलेल्या. “गेला बेस्तरवार निस्ता भकास गेला बगा. म्हनलं, भाभी रुसली का काय...”

ती बोलता बोलता थांबली. पेटीचा आवाज चालूच होता.

“आन ही कोन?” तिने विचारलं.

सुहृदची बोटं पट्टीवरून निसटली. आवाज बंद झाला.

“कोन म्हंजे?” उस्ताद डोळे न उघडता म्हणाले. “ऐक की नीट.”

“ऐकलं की. भाभी न्हवं ही.” शेवंताक्का पदराने घाम पुसत पायरीवर बसली. मग तिला काहीतरी आठवलं. “थांबा... आसं एकदा वाजलं हुतं. तुमची दाढ ठणकत हुती न्हाई का, तवा! मी म्हनलं बी, आज नगा वाजवू. तर तुमी काय ऐकताय!”

उस्तादांनी डोळे उघडले. त्यांच्या मिशीखाली हसू येऊ घातलं होतं.

“व्हय,” ते म्हणाले. “त्या दिवसाचाच हाय. लई झकास उतरवलास, डाक्टर. ठणकासकट उतरवलास.”

सुहृदला काही कळेना.

“दाढ?”

“माझी. डाव्या बाजूची. आवाज काय जमंना त्या दिवशी. डोकं ठिकाणावर न्हवतं.”

“पण... पण मी तर त्या दिवशी इथेच होतो! तुमच्यासमोर बसलो होतो!”

“व्हतास की.”

“मग सांगितलं नाहीत?”

“गाल टम्म सुजला हुता माझा,” उस्ताद म्हणाले. “एवढा.”

त्यांनी गालाशी मूठ धरून दाखवली.

शेवंताक्काने तोंडाला पदर लावला. दातांचा डॉक्टर, समोर सुजलेला गाल, आणि हा माणूस पेटीच्या मागे छापलेला नंबर वाचत बसला होता. सुहृदला ते लख्ख आठवलं. नंबर तर अजूनही पाठ होता. गाल मात्र काही केल्या आठवेना. त्याचे कान तापले.

“आता... आता कशी आहे दाढ?” त्याने विचारलं.

“काढली. मिरजेत. लई हलक्या हाताचा डाक्टर भेटला.”



शेवंताक्का नारळ घेऊन दर्ग्याकडे निघून गेली. ऊन कलायला आलं होतं. खाली उसाच्या फडांवर धूर दिसत होता. ओसरीवर दोघंच राहिले, आणि मधे पेटी.

“म्हणजे तोही गेला,” सुहृद हळूच म्हणाला. “परत केला तो वाईट दिवसाचा. चांगला होता तो मी पुसला.”

“पुसला, पुसला लावलंयस मघापासनं. सेल काढायच्या आधी पेटी लावून बघितलीस?”

“नाही. आधी उघडलीच.”

“आत काय हुतं, ऐकलंस?”

“नाही.”

“इथं बसत हुतास तवा मी कुठलं बटण दाबायचो?”

सुहृदने आठवून बघितलं. पेटीवरची अक्षरं आठवली. लाकडाची शीर आठवली. एका दांडीचं टोपण बदललेलं होतं, तेही आठवलं. बटण दाबताना उस्तादांचं बोट मात्र त्याला कुठेच आठवेना.

“दाबत... नव्हतात?”

“सेल कवाच मेलाय, डाक्टर. मुंबईत हुतो तवाच. हमीदा हयात हुती.” उस्तादांनी ऊददाणी बाजूला ठेवली आणि हात झटकले. “ती गेल्यावर हा आवाज मी धुंडाळायला लागलो. त्यात कधी ठेवणार? पेटीला तर काल काय केलं तेबी आठवत नव्हतं.”

“म्हणजे मी जे पुसलं...”

“खरखर पुसलीस.”

“फक्त?”

“एखादी शिट्टीबी असंल.”

सुहृदच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. त्याला स्वतःला वाटलं आपण हसतोय, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. छातीवरून कुणीतरी पाटा उचलून नेल्यासारखं झालं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागल्याची जाणीव झाली.

“उस्ताद... अहो, मला वाटलं मी तिला...”

“ती काय सेलात बसलीया व्हय?” उस्ताद म्हणाले. “गूळ खा. आत फळीवर हाय. पाणी पी.”

सुहृदने आत जाऊन गूळ खाल्ला. चांगला मोठा खडा खाल्ला. दातांचा डॉक्टर असून चूळही भरली नाही.

तो परत आला तेव्हा उस्ताद दर्ग्यात गेले होते. ऊदाचा वास टेकडीभर झाला. शेवंताक्का आणि आणखी काही माणसं पायरीवर येऊन टेकली, कुणी भिंतीला पाठ लावून बसलं.

उस्ताद आले, पेटीसमोर मांडी घालून बसले.

या वेळी सुहृद त्यांच्या समोर बसला नाही. तो शेजारी बसला. त्याने पेटीकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघायचं ठरवलं होतं.

उस्तादांनी तळहाताची कड दांड्यांवर ठेवली आणि एका दमात सगळ्या खाली ओढल्या. पाटीवरचं पुसावं तसं. सुहृदने हे आधीही पाहिलं होतं. धूळ झटकतात, म्हातारपणाची सवय, असं त्याला वाटलं होतं.

पेटी मुकी झाली.

मग एक दांडी वर गेली. भसाडा, कोरडा आवाज. उस्तादांनी मान हलवली. दुसरी दांडी. आवाज जरा मिटला. एक बोट पट्टीवर, दुसरा हात दांड्यांवर. कुठे थांबायचं हे बघायला ते पेटीकडे पाहतच नव्हते. ते अंगणातल्या चुलीकडे पाहत होते. ती चूल आता कुणी पेटवत नव्हतं.

“भाकरी थापताना ती ह्याच्यापेक्षा वर गायची,” ते पुटपुटले. “मळताना खाली.”

दांडी केसभर सरकली.

“दमली असली, की शेवटाला जरा...”

आणखी एक सरकली.

“हं... अशी... न्हाई, न्हाई... अशी.”

आणि आवाज आला.

सुहृदने तो पुष्कळ वेळा ऐकला होता, पण आजचा तो नव्हताच. यात थोडा दम लागलेला होता. कुणीतरी आत्ता आत्ताच पाणी भरून आलंय, परात पुढे ओढलीय, आणि आपण गुणगुणतोय हे त्या बाईच्या लक्षातही नाही. घरात आत माणूस आहे, असं वाटून त्याने नकळत मागे वळून पाहिलं. दार उघडं होतं आणि आत फळीवर गुळाचा डबा होता.

पायरीवर शेवंताक्का पुटपुटली, “आज बरी हाय गं बाई.”

तिने डोळे पुसले. कुणीतरी खाकरलं. उस्ताद वाजवत राहिले, आणि उन्हं उतरेपर्यंत ओसरीवर दुसरा आवाज झाला नाही.

मग बोट पट्टीवरून उठलं. माणसं एकेक करून उठली, पीराकडे वळून हात जोडून किंवा कपाळाला लावून, टेकडी उतरून गेली.

दांड्या होत्या तशाच होत्या.

दर गुरुवारी वाजवून झालं, की तळहाताची कड फिरायची आणि सगळं खाली जायचं. आज उस्तादांचा हात दांड्यांवर येऊन थांबला होता. फिरत नव्हता.

सुहृद जरा पुढे सरकला.

“उस्ताद,” तो अगदी हळू म्हणाला. “आता सेल नवा आहे.”

उस्तादांची नजर दांड्यांवरच होती.

“एवढा चांगला जमला असेल का कधी?”

“न्हाई,” उस्ताद म्हणाले. “कधीच न्हाई.”

“एक बटण आहे फक्त. दाबलं की राहील. तुम्ही आजारी पडलात, हात थरथरला, दाढ दुखली... तरी राहील. नेहमी असाच.”

“कुठलं बटण?”

सुहृदने दाखवलं. लाल, लहानसं, उजव्या कोपऱ्यातलं.

उस्तादांनी त्यावर बोट ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं. नखाखाली मघाची राख होती, कातडी सुरकुतलेली. सुहृदला एकदम जाणवलं की हा माणूस म्हातारा झालाय, आणि असे गुरुवार काही अमाप उरलेले नाहीत. त्याला रडू यायला लागलं. दाबा, असं त्याला म्हणायचं होतं. पण आपल्याला न दिसलेला तो सुजलेला गाल त्याला आठवला, आणि तो नुसता उस्तादांच्या हाताकडे बघत राहिला.

चुलीजवळ एक चिमणी उतरली. काही मिळालं नाही म्हणून उडून गेली.

“सकाळी उठलं,” उस्ताद म्हणाले, “की हमीदा पहिल्यांदा काय करायची माहीतंय? मला विचारायची, आज काय करू? रोज. मी वैतागायचो. म्हणायचो, कालचंच कर.”

“मग?”

“कधी करायची न्हाई.”

ते हसले. बटणावरचं बोट उचललं. मग तळहाताची कड दांड्यांवर ठेवली आणि एका दमात सगळ्या खाली ओढल्या.

सुहृदच्या तोंडून अस्पष्टसा हुंकार निघाला.

उस्तादांनी मोठा श्वास घेतला आणि सोडला. लांबून सायकल मारून आलेल्या माणसाने खाली पाय टेकवावा, तसं ते मोकळे दिसले. त्यांनी मांडी बदलली, गुडघा चोळला.

“पट्ट्या छान केल्यास,” ते म्हणाले. “लोण्यावानी चालत्यात. मधली ती अडकायची, ती तर लईच.”

“तिच्याखाली कागदाचा तुकडा होता. विरून गेलेला.”

“कसला?”

“वाचता येत नव्हता. टाकून दिला.”

“बरं केलंस.”

सुहृद घोंगडीची घडी घालायला लागला. घडी नीट येत नव्हती. त्याने ती सोडली, पुन्हा घातली, आणि शेवटी तशीच मांडीवर धरून बसला.

पुण्यातली खोली त्याच्या डोळ्यांपुढे आली. मांडण्यांवरच्या पेट्या, आणि प्रत्येकीत भरून ठेवलेले आवाज. वाटेल तेव्हा बटण दाबावं आणि यावेत, म्हणून ठेवलेले. त्यांतला एकही त्याने कुणासाठी लावला नव्हता. हे त्याला पहिल्यांदाच दिसलं, आणि नवल म्हणजे त्याचं वाईट वाटलं नाही. उलट, आता निदान कुठून सुरुवात करायची ते कळलं, असं वाटलं.

“उस्ताद.”

“हं.”

“पट्ट्या झाल्या. तुम्ही म्हणाला होतात, परत आणशील तवा बघू.”

“म्हणालो हुतो.”

“मग... शिकवाल मला?”

उस्तादांनी पेटी दोन्ही हातांनी उचलली, उलटी केली आणि त्याच्या मांडीवरच्या घोंगडीत ठेवली. तिच्या पाठीवरचे स्क्रू दिव्याच्या उजेडात चमकले.

“आधी तेवढा सेल काढ,” ते म्हणाले.